दगडाबाईच्या तोंडचं नाटक

रविवारी सकाळी चकलांब्याच्या पोलीस ठाण्यात फोन वाजला. पलीकडचा माणूस शहरी बोलत होता आणि त्याचा आवाज कापत होता. गावातली दगडाबाई नावाची म्हातारी घरात नाही, दाराला कुलूप आहे, आणि तिचं काहीतरी बरंवाईट झालंय असं मला वाटतं, असं तो म्हणाला.

फौजदार विजयमाला मिसाळ यांनी नाव विचारलं.

"विजयसिंह नेकनूरकर."

आडनाव ऐकून विजयमाला सरळ बसल्या. त्र्यंबक नेकनूरकरांच्या कादंबऱ्या त्यांनी कॉलेजात वाचल्या होत्या. बीड जिल्ह्यात लेखक म्हटलं की ते एकच नाव निघायचं. माणूस चार वर्षांपूर्वी गेला होता. त्यांच्या मुलाचं चकलांब्यातल्या म्हातारीपाशी काय काम असावं?

हवालदार अंगद सानपांना घेऊन त्या निघाल्या.

गावाच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. दारात विजयसिंह उभे होते. पन्नाशी जवळ आलेली, चेहरा उतरलेला. त्यांच्याबरोबर पस्तिशीची एक बाई होती. बीडच्या एका कॉलेजात मराठी शिकवणारी, राजनंदिनी. सगळी हकीकत तिनंच सांगितली, नीट, क्रमानं, न अडखळता.

नेकनूरकर तरुणपणी मास्तर होते. ऊसतोडीच्या कुटुंबांबरोबर ते एका साखर कारखान्याच्या तळावर राहिले होते, मुलांना शिकवायला. तिथं त्यांनी तोडणीवाल्यांसाठी एक नाटक लिहिलं, 'वाढ्याची मोळी'. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. नाटकात कामं केली तोडणीवाल्यांनीच. दोन-तीन तळांवर प्रयोग झाले आणि नाटक विसरलं गेलं. ते छापलं नाही, हस्तलिखितही राहिलं नाही. पुढं मोठं नाव झाल्यावर नेकनूरकरांनी त्याचा कधी उल्लेख केला नाही. फक्त एकदा, एका मुलाखतीत, नाटकाचं नाव तेवढं त्यांच्या तोंडून निसटलं.

त्या नाटकात काम केलेल्यांपैकी आता एकटी दगडाबाई जिवंत होती. राजनंदिनीनं तिला शोधून काढलं, तिच्या तोंडून नाटक ऐकलं, लिहून घेतलं, आणि गेल्या दिवाळी अंकात छापलं. राज्यभर गाजलं. आता मंगळवारी बीडला मोठा कार्यक्रम होता. नेकनूरकरांच्या समग्र साहित्याचं प्रकाशन होतं, आणि दगडाबाई स्टेजवर बसून नाटकातला भाग म्हणणार होत्या. कॅमेरे येणार होते. त्यांना बीडला न्यायला म्हणून विजयसिंह आणि राजनंदिनी आले, तर घराला कुलूप.

"तुम्ही शेवटचं कधी भेटलात त्यांना?" विजयमालांनी राजनंदिनीला विचारलं.

"श्रावणात. त्यानंतर येणं झालं नाही."

"आणि तुम्ही?"

विजयसिंहांनी मान हलवली. ते आज पहिल्यांदाच येत होते. निरोपानिरोपी सरपंचामार्फत झाली होती.

विजयमालांनी म्हातारीचं वर्णन विचारलं. राजनंदिनी भराभर सांगत गेली. साठीची, सावळी, ठेंगणी, अंगानं बारीक, कपाळावर गोंदण, उजव्या कानात ऐकायचं यंत्र, नऊवारी नेसते. अंगदनं ते लिहून घेतलं.

मग राजनंदिनी थोडी पुढं आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, कुणी केलं असेल हे सांगायची गरज नाही. मोहनरावांना विचारा. ते उघड म्हणाले होते, नाटक होऊ देणार नाही."

मोहनराव म्हणजे गावातलं मोठं घर. जमीन, ट्रॅक्टर, दोन वेळा पंचायत समितीचं सभापतिपद. त्यांचे वडील मुकादम होते, तोडणीवाल्यांच्या टोळ्या कारखान्याला पुरवायचे. छापलेल्या नाटकातला मुकादम क्रूर होता. तो एका बाईला उसाच्या फडात मारून टाकतो. तो मुकादम म्हणजे मोहनरावांचा बाप, हे गावात कुणालाच समजवावं लागलं नव्हतं. आणि येत्या महिन्यात निवडणूक होती.

कुलूप तोडलं.

आत सगळं जागच्या जागी होतं. भांडी पालथी घातलेली, अंथरूण घडी करून ठेवलेलं. विजयमालांनी ट्रंक उघडली. शेजारच्या सुंदरबाईला बोलावून त्यात काय कमी आहे ते बघायला सांगितलं. सुंदरबाई म्हणाली, हिरवं इरकल न्हाई. ते दगडाबाई लग्नकार्यालाच नेसती.

परसात शेळी बांधलेली होती. पुढं कडब्याच्या चार काड्या उरल्या होत्या, पाण्याची बादली कोरडी. फळीवर रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट होतं.

"ह्या रोज घेतात का?"

"रोज. एक दिवस चुकली की चक्कर येती तिला."

विजयमालांनी पाकीट खिशात टाकलं. बाई लुगडं बदलून, स्वतः कुलूप लावून, शेळीला एक दिवसाचा चारा टाकून गेली होती. संध्याकाळी परत यायच्या हिशेबानं. म्हणजे तिला ओढून कुणी नेलं नव्हतं. ती खुशीनं गेली, आणि तिला परत येऊ दिलेलं नाही.

सुंदरबाई शनिवारी बाजाराला गेली होती. ती आली तेव्हा घर बंद होतं. तिला वाटलं, बाई बीडच्या कार्यक्रमाला आधीच गेली असेल. चार दिवसांपासून दगडाबाईचं त्याचंच चाललं होतं. नाटक म्हणून दाखवायची. गुरुवारी गेवराईच्या शिबिरात कानाचं यंत्र मिळालं तेव्हापासून तर तिच्या अंगात वारं शिरलं होतं. त्याच्या आधी कानापाशी हलगी वाजवली तरी तिला पत्ता लागत नव्हता.

"तुमाला सांगते म्याडम," सुंदरबाई म्हणाली, "खुरपायला गेलो की ती नाटक म्हणायची. आमी बाया कामं टाकून बसायचो. हसून हसून डोळ्याला पाणी यायचं."

विजयमाला मान डोलावून बाहेर आल्या.

फाट्यावर बंकटचं चहाचं दुकान होतं. गावात येणारी-जाणारी प्रत्येक गाडी त्याच्या पुढ्यातून जायची. शनिवारी दुपारी दगडाबाई फाट्यावर उभी असलेली त्यानं पाहिली होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. तेवढ्यात पांढरी गाडी आली आणि तिला घेऊन गेली.

"पांढरी गाडी कुणाची?"

बंकटनं इकडं तिकडं पाहिलं. "गावात पांढरी गाडी एकाचीच हाय. मी नाव घेत न्हाई."

"चालवत कोण होतं?"

"काचा काळ्या व्हत्या. दिसलं न्हाई."

"दगडाबाई मागं बसली?"

"न्हाई, पुढं. कुणीतरी दार आतून उघडलं, म्हातारी वाकली, डोकं आत घातलं आन् बसली. गाडी गेली बीडाकडं."

अंगद परत येताना म्हणाला की मोहनरावांनाच उचलावं लागणार. पांढरी स्कॉर्पिओ, काळ्या काचा, निवडणूक, बापाची बदनामी. आणखी काय पाहिजे?

विजयमालांनी जीप मोहनरावांच्या घराकडं घ्यायला सांगितली. त्यांना मोहनराव आवडत नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका प्रकरणात त्यांनी वरून फोन आणला होता. आपल्याला तो माणूस दोषी निघायला हवाय का, असा संशय त्यांना स्वतःचाच आला.

मोहनराव ओसरीवर बसले होते. पोलीस येणार हे त्यांना ठाऊक असावं. चहा मागवला, बसायला सांगितलं. गाडी दारातच उभी होती. विजयमाला तिच्याभोवती एकदा फिरून आल्या आणि मगच खुर्चीवर बसल्या.

"काल दुपारी कुठं होतात?"

"बीडाला. पक्षाच्या बैठकीला. शंभर माणसं सांगतील."

"गाडी?"

"गाडीतच गेलतो ना, ताई."

"नाटक होऊ देणार नाही, असं म्हणालात?"

मोहनरावांचा चेहरा आवळला. "म्हणलो. खोटं हाय ते. लिव्हणाऱ्यानं माझ्या बापाला खुनी केला."

"लिहिणारे नेकनूरकर होते."

"असतील. पण मी ते नाटक बघितलंय. आठ-नऊ वर्षांचा असंन. तळावर पेट्रोमॅक्स लावलेली. मुकादमाचं काम कुणी केलतं, माहीत हाय? माझ्याच बापानं. सोंग करता करता पार खाली पडला व्हता. लोकांनी अशा शिट्ट्या मारल्या म्हणता."

"स्वतः मुकादम असून मुकादमाचं काम?"

"मग दुसऱ्या कुणाला जमलं असतं?"

"हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं का?"

"कुणाला सांगू? पेपरवाले म्हणले, मोहनराव धमकी देतात. त्या प्राध्यापक बाईला निरोप धाडला, की मला भेट, मी बघितलंय. आली न्हाई. आमचं कोण ऐकतंय ह्या बाबतीत?" ते थोडे थांबले. "दगडाबाईचं काही वाईट झालं तर मला सांगा. माझ्या मायनं तिचं बाळंतपण केलतं तळावर."

जीपमध्ये बसल्यावर विजयमालांनी विजयसिंहांकडून मागून आणलेला दिवाळी अंक उघडला. नाटक लांब नव्हतं. विजयमालांचे बाप आणि आई दोघंही तोडणीला जायचे. लहानपणी त्या स्वतः तळावर राहिल्या होत्या. नाटक वाचताना त्यांना रडू आलं. फडात मार खाऊन पडलेली बाई, छातीशी धरलेली वाढ्याची मोळी, आणि मरता मरता तिनं म्हटलेलं गाणं:

हिरव्या वाढ्यावर, देवा, निजलं लेकरू,
कोयत्याच्या हातानं त्याला कशी पांघरू.

त्यांनी अंक अंगदकडं दिला. "वाच. आणि मला सांग, यात हसण्यासारखं काय आहे."

अंगदनं वाचलं. शेवटी डोळे पुसले. "काहीच न्हाई, मॅडम."

"मलाही नाही सापडलं."

उन्हं कलायला लागली होती. गोळ्या चुकून दुसरा दिवस सरत आला होता. विजयमालांनी बीडला एक फोन केला, मोहनरावांची बैठक खरी आहे का ते विचारलं. खरी होती. मग त्यांनी सगळ्यांना दगडाबाईच्या अंगणात बोलावलं. विजयसिंह, राजनंदिनी, मोहनराव, सुंदरबाई. मोहनराव आल्यावर राजनंदिनी बाजूला सरकली. त्यांच्याजवळ उभं राहणंही नको, असं तिनं दाखवलं.

"बाईंना मोहनरावांनी नेलेलं नाही," विजयमाला म्हणाल्या.

राजनंदिनी लगेच म्हणाली की गाडी सगळ्या गावानं पाहिलीय.

"पांढरी गाडी पाहिली, आणि ती एकट्या बंकटनं. तो म्हणतो, म्हातारी वाकून, डोकं आत घालून बसली. मोहनरावांच्या गाडीत बसायला पायरीवर पाय देऊन वर चढावं लागतं. दगडाबाईंएवढ्या उंचीच्या बाईला तर हात धरून वर घ्यावं लागेल. त्या वाकल्या, म्हणजे गाडी बुटकी होती. तुमची गाडी कुठली आहे, राजनंदिनी?"

विजयसिंह चमकून वळले. रस्त्याच्या कडेला, जिच्यातून ते दोघं आले होते, ती छोटी पांढरी गाडी उभी होती. काचांवर काळी फिल्म.

"अशा गाड्या हजारो आहेत," राजनंदिनी म्हणाली.

"आहेत. म्हणून मी तेवढ्यावर गेले नाही. सकाळी तुम्ही वर्णन दिलंत. उजव्या कानात ऐकायचं यंत्र. बरोबर?"

"हो."

"आणि शेवटची भेट श्रावणात. यंत्र त्यांना याच गुरुवारी मिळालं. त्यांच्याकडं फोन नाही, आणि असता तरी त्याच्या आधी ऐकू आलं नसतं. विजयसिंहांना यंत्राचं ठाऊक नव्हतं. सरपंचालाही मी विचारून आले, तेही तीन दिवस गावात नव्हते. ते यंत्र, आणि तेही उजव्या कानातलं, तुम्ही गुरुवारनंतर डोळ्यांनी पाहिलंय."

राजनंदिनीनं विजयसिंहांकडं पाहिलं.

विजयसिंहांनाच ते पटेना. ते म्हणाले की हे नाटक उजेडात आणलं ते राजनंदिनीनं, तिच्याशिवाय दगडाबाईंचं नावही कुणाला कळलं नसतं. दगडाबाई स्टेजवर आल्या तर सगळ्यात मोठा मान तिचाच. ती कावून, का म्हणून, त्यांना लपवेल? घाईत त्यांच्या तोंडी आईकडची बोली आली.

"कारण दगडाबाईंना नाटक येतं," विजयमाला म्हणाल्या. "खरं नाटक. सुंदरबाई, दगडाबाई नाटक म्हणायच्या तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"हसायचो."

"आणि हे गाणं? लेकरू निजलं ते?"

सुंदरबाईच्या तोंडावर आत्ताही हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला. "ते तर लईच. मुकादम चोरलेली मोळी हुडकत येतो, तवा ती बाई मोळीला फडकं गुंडाळती, मांडीवर घेती आन् लेकरू मेल्यागत रडती. मुकादम बी रडतो. वर तिला चहाला पैसे देतो."

"आन् मग पाय अडकून पडतो," मोहनराव हळूच म्हणाले. "तिथंच पडला व्हता आमचा बाप."

विजयसिंहांनी अंगदच्या हातातला अंक घेतला, उघडला, मिटला. "पण बाबांनी विनोदी असं कधीच काही..."

"तोच अंदाज यांनीही बांधला." विजयमालांनी राजनंदिनीकडं पाहिलं. "श्रावणात तुम्ही आलात तेव्हा दगडाबाईंना ऐकू येत नव्हतं. तुमचे प्रश्न त्यांना कळले नाहीत. त्यांनी आठवेल ते गाणं म्हटलं, आणि तुम्हाला तेवढ्याच दोन ओळी मिळाल्या. नेकनूरकरांचं सगळं लिखाण दुःखाचं. मग गाणंही दुःखाचंच असणार. बाकीचं नाटक तुम्ही घरी बसून लिहिलंत. चांगलं लिहिलंत. मी वाचलं, मला रडू आलं."

राजनंदिनीचे डोळे खाली गेले.

"म्हातारी बहिरी, वाचता येत नाही, गाव आडबाजूला. कुणाला कळणार होतं? मोहनरावांचा निरोप आला, त्यांना तुम्ही टाळलंत. ते ओरडले, ते तुमच्या पथ्यावरच पडलं. पण विजयसिंहांनी दगडाबाईंना स्टेजवर बसवायचं ठरवलं, आणि तुम्हाला नाही म्हणता येईना. कॅमेऱ्यापुढं त्या काय म्हणतील हे आधी बघायला तुम्ही आलात. शुक्रवारी?"

राजनंदिनी पायरीवर बसली.

"शुक्रवारी," ती म्हणाली. "दगडाबाई घरी एकट्याच होत्या. त्यांना आता ऐकू येत होतं. मी माझं छापलेलं वाचून दाखवलं. म्हटलं, एवढंच म्हणा, पाठ करून घेऊ. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, लई चांगलं हाय पोरी, पण हे आमचं न्हाई. आमचं असं हाय. आणि उठून त्यांनी करून दाखवायला सुरुवात केली."

ती पुढं बोलत राहिली, आता मात्र सकाळसारखं क्रमानं नाही. ती इतकी वर्षं तासावर शिकवत होती. तासाला मिळतील तेवढे पैसे, सुट्टीत तेही नाहीत. नाटक छापून आलं आणि पहिल्यांदा लोक तिला नावानं ओळखायला लागले. कायमच्या नोकरीची मुलाखत याच महिन्यात होती. कार्यक्रम झाला की म्हातारीला ती परत आणून सोडणार होती, आजारी होत्या म्हणून सांगणार होती. तिला काही करायचं नव्हतं. तिनं हे तीनदा सांगितलं.

"कुठं आहेत त्या?"

"घाटनांदूरला. माझ्या मावशीकडं, रुक्मिणीबाईंकडं. रेकॉर्डिंग तिथंच आहे, मंडळी उद्या येतील, असं सांगितलंय. मावशीला यातलं काही माहीत नाही."

विजयमालांनी खिशातलं गोळ्यांचं पाकीट तिच्यापुढं धरलं. "ह्या इथं राहिल्यात. ठाऊक होतं?"

राजनंदिनीनं पाकिटाकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं खिशातून फोन काढून अंगदकडं दिला आणि मावशीचा नंबर त्यानंच लावला.

रुक्मिणीबाईंनी सांगितलं, पाहुण्या सकाळपासून पडून आहेत, घेरी येते म्हणतात. विजयमालांनी गोळीचं नाव सांगितलं आणि गावातल्या डॉक्टरला आधी घरी बोलवा म्हणून बजावलं. राजनंदिनीला अंगदच्या ताब्यात देऊन त्या जीपकडं निघाल्या. विजयसिंह न विचारता शेजारी येऊन बसले. मोहनरावांनी रस्त्यापर्यंत येऊन जीपमध्ये पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि ते परत गेले.

ते पोचले तेव्हा दगडाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. गोळी पोटात गेली होती, डॉक्टर बघून गेला होता. हिरवं इरकल चुरगळलेलं होतं. विजयमालांनी त्यांना सगळं सांगितलं, तक्रार द्यावी लागेल हेही. म्हातारीनं ऐकून घेतलं. ती रागावलेली दिसत होती, पण तो राग तिथं अडकवून ठेवल्याचा नव्हता.

"माझ्या तोंडात मेलेली बाई घालत व्हती," ती म्हणाली. "आमचं नाटक हसायचं व्हतं. दिवसभर ऊस तोडून माणसं यायची. त्यांना रडवायला मास्तर येडा व्हता काय?"

मग तिची नजर दाराशी उभ्या असलेल्या विजयसिंहांवर गेली. तिनं त्यांना नीट न्याहाळलं, आणि हे कोण ते विचारलं. विजयमालांनी सांगितलं.

"ये, बस असा." तिनं शेजारची जागा थोपटली. "नाक बापाचंच हाय."

विजयसिंह बसले. त्यांना काय विचारावं ते कळत नव्हतं. घरात बाबा कमी बोलायचे, ते सांगू लागले. लिहीत असले की आम्ही पायाचा आवाज करायचो नाही. ते हसताना मला एकही प्रसंग आठवत नाही. नाटकात त्यांचं काम होतं का काही?

"व्हतं की. बैल."

"बैल?"

"गाडीला दोन बैल नकोत? एक आमचा मालक, एक मास्तर. दोघांच्या गळ्यात घुंगरं, डोक्याला उसाची शिंगं. मुकादम पैसे द्यायला लागला की मास्तर मान हलवायचा, जादा दे म्हणून. असा." आणि म्हातारीनं भिंतीचा टेका सोडला, मान खाली घातली, डोळे मोठे केले आणि गंभीर चेहऱ्यानं डोकं डावीकडून उजवीकडं हलवलं. दाराआडून बघणाऱ्या रुक्मिणीबाई फिसकन हसल्या.

विजयसिंह हसले नाहीत. ते बघत राहिले.

"मी एकदा इचारलं त्याला," दगडाबाई म्हणाली. "म्हणलं, मास्तर, नाटक तुमचं, मग तुमी बैल कावून झाला? तर म्हणला, दगडे, बाकी जलमभर मला बोलायचंच हाय. हे एकच काम असं हाय, की मला काहीच म्हणावं लागत न्हाई, आन् तरी लोक हसतात."

विजयसिंहांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं, अडखळत, ती एकदा डावीकडून उजवीकडं हलवली.

"हळू," म्हातारी म्हणाली. "बैलाला घाई नसती."